महालक्ष्मीला पहिल्यांदा रेस खेळताना : टोट, बुकी आणि भावाचा हिशेब

प्रश्न असा आला आहे : "येत्या मोसमात आम्ही मित्र महालक्ष्मी रेसकोर्सवर जाणार आहोत. पैज लावायची कशी, विन-प्लेस-टनाला म्हणजे काय, टोटवर लावावं की बुकीकडे, हे कायदेशीर आहे का, कर किती जातो आणि नीट अभ्यास केला तर यातून पैसे सुटतात का?"

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण बाकी सगळं त्यावर अवलंबून आहे. नियमित कमाई म्हणून पैसे सुटत नाहीत. का सुटत नाहीत ते पुढे आकड्यांनिशी सांगतो. आधी टोटच्या, म्हणजे क्लबच्या पैज घेणाऱ्या यंत्रणेच्या, खिडकीमागे आणि नंतर घोड्यांच्या फॉर्मचा अभ्यास करण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. या खेळावर माझं मनापासून प्रेम आहे. म्हणूनच नव्या माणसाने तो नीट समजून, झेपेल तेवढ्याच पैशांत खेळावा असं वाटतं.

कायद्याचं थोडक्यात सांगतो. महाराष्ट्रात जुगाराला बंदी करणारा कायदा १८८७ चा आहे. त्यातून परवानाधारक रेसकोर्सच्या आवारात, ठरलेल्या अटींनुसार लावलेली घोड्यांवरची पैज वगळलेली आहे. रेसकोर्सना परवाना देण्यासाठी १९१२ चा स्वतंत्र कायदा आहे. पुढे १९९६ मध्ये के. आर. लक्ष्मणन विरुद्ध तामिळनाडू सरकार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने घोड्यांची शर्यत हा मुख्यतः कौशल्याचा खेळ असल्याचं स्पष्ट केलं. घोड्याचं रक्त, त्याला दिलेली तालीम, जॉकीची हातोटी आणि हे सगळं जोखणारी पैज लावणाऱ्याची बुद्धी यांना त्यात महत्त्व दिलं गेलं. मुंबई आणि पुण्याच्या शर्यती रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लब भरवतो. महालक्ष्मीचा मोसम साधारण नोव्हेंबर ते एप्रिल आणि पुण्याचा जुलै ते ऑक्टोबर. क्लबचा टोट आणि क्लबने परवाना दिलेले बुकमेकर (बुकी) एवढीच कायदेशीर दारं आहेत. फोनवर किंवा कुठल्याशा अॅपवर "कर नाही, भाव जास्त" म्हणून पैज घेणारा माणूस यात बसत नाही. त्याने पैसे बुडवले तर दाद मागायला जागा नाही, आणि गुन्ह्यात तुमचंही नाव येऊ शकतं.

आता मुख्य गोष्ट. रेसकोर्सवर पैज दोन प्रकारे लागते, आणि हे दोन्ही व्यवहार मुळातूनच वेगळे आहेत. हा फरक कळला की निम्मा गोंधळ मिटतो.

टोटवर तुम्ही क्लबविरुद्ध खेळत नसता. इतर सगळ्या खेळणाऱ्यांविरुद्ध खेळत असता. ही पद्धत १८६० च्या दशकात पॅरिसमध्ये जोसेफ ओलर या गृहस्थाने काढली, आणि मूळ तत्त्व आजही तेच आहे. सगळ्यांचे पैसे एका पूलमध्ये जमतात, त्यातून ठरलेली कपात होते आणि उरलेली रक्कम जिंकणाऱ्या तिकिटांवर वाटली जाते. समजा, एका रेसच्या विन पूलमध्ये, म्हणजे पहिला येणारा घोडा सांगायच्या पूलमध्ये, १,००,००० रुपये जमले. सोयीसाठी कपात २० टक्के धरू. उरले ८०,०००. चार नंबरच्या घोड्यावर एकूण २०,००० लागले असतील आणि तो जिंकला, तर प्रत्येक रुपयाला चार रुपये. आपल्याकडे डिव्हिडंड, म्हणजे जिंकलेल्या तिकिटाला मिळणारी रक्कम, १० रुपयांच्या हिशेबात जाहीर होतो, म्हणून बोर्डावर ४० दिसेल. त्याच रेसमध्ये सात नंबरवर फक्त ५,००० लागले असतील आणि तो आला, तर डिव्हिडंड १६०. घोडा किती चांगला आहे याचा या आकड्याशी थेट संबंध नाही. लोकांनी त्याच्यावर किती लावले, एवढंच त्यातून कळतं. आणि या ४० मध्ये तुमचे मूळ १० आलेच. निव्वळ फायदा ३० चा. पहिल्यांदा आलेले बरेच जण इथे चुकतात.

टोटचा भाव शेवटपर्यंत हलत राहतो. तुम्ही तिकीट घेतलं तेव्हा स्क्रीनवर ६० दिसत होते म्हणून ६० मिळतीलच असं नाही. शेवटच्या दोन-तीन मिनिटांत मोठी रक्कम पडली की तेच ३५ होतात. गेट उघडताना पूल बंद होतो, आणि त्या क्षणी जे असेल तेच खरं.

बुकीचं तसं नसतं. त्याच्या फळ्यावर भाव लिहिलेला असतो, तुम्ही तो घेता आणि तो त्या क्षणी पक्का होतो. तीनाचा भाव (३/१) घेऊन १०० लावले आणि घोडा आला, तर ३०० फायदा अधिक तुमचे १०० असे ४०० हातात. म्हणजे टोटचे ४० आणि बुकीचा ३/१ हा एकच भाव झाला. हे रूपांतर तोंडपाठ करा : टोटच्या आकड्याला १० ने भागा आणि एक वजा करा. तुमच्यानंतर भाव दीडावर आला तरी तुम्हाला तीनच मिळतात. उलट भाव पाचावर गेला, बुकींच्या रिंगमध्ये म्हणतात तसा घोडा ड्रिफ्ट झाला, तरीही तुमचे तीनच.

बुकी पैसे कुठे कमावतो? हे बघायला फळ्यावरच्या सगळ्या घोड्यांच्या भावांची टक्केवारी काढा. भावात एक मिळवून त्याने १०० ला भागायचं. पाच घोड्यांची रेस धरू. बरोबरीच्या (१/१) भावाचे ५० टक्के, दोनाच्या भावाचे ३३.३, चाराच्या भावाचे २०, नवाच्या भावाचे १० आणि एकोणीसच्या भावाचे ५. बेरीज ११८.३. खऱ्या शक्यतांची बेरीज १०० च्या वर जाऊच शकत नाही, म्हणून वरचे १८.३ हे बुकीचं मार्जिन. ही बेरीज १३० च्या वर दिसली की त्या रेसमध्ये बुकीकडे जाऊ नका. रिंगमध्ये उभं राहून मनातल्या मनात हा हिशेब करणारी मंडळी मी पाहिली आहेत. टिप विकत घेणाऱ्यांपेक्षा ती नेहमी कमी हरायची.

मग टोट की बुकी? माझा अनुभव असा आहे. ज्या घोड्याचं नाव सगळ्यांच्या तोंडी आहे आणि ज्याचा भाव शेवटी पडणार असं दिसतं, तो लवकर जाऊन बुकीकडे लावावा. ज्याच्याकडे कुणाचं लक्ष नाही असा घोडा टोटवर बरा पडतो. मोठ्या भावाचे घोडे बुकी जपून देतात, टोटवर मात्र पूल फुगलेला असेल तर त्याच घोड्याला दीडपट मिळालेलं पाहिलं आहे. प्लेससाठी टोट सोयीचा.

प्लेसवर मी थोडा थांबतो, कारण नवे लोक "सेफ" म्हणून डोळे मिटून प्लेस लावतात. आठ किंवा जास्त घोडे पळत असतील तर साधारणपणे पहिल्या तिघांना प्लेस मिळते, कमी असतील तर दोघांना. रेसकार्डावर बघून घ्या. पण प्लेस पूलमधली रक्कम आधी तीन वाटण्यांत जाते आणि मग त्या-त्या घोड्याच्या तिकिटांवर. पहिल्या तिघांत फेव्हरिट असला, की त्याच्यावर सगळ्यांनीच लावलेलं असल्यामुळे प्लेसचा डिव्हिडंड ११ किंवा १२ येतो. दहाला एक रुपया मिळवण्यासाठी तुम्ही दहा रुपये पणाला लावलेले असतात. असं नऊ वेळा जिंकून एकदा हरलात, तरी नऊ कमावून दहा गेले. फेव्हरिट प्लेस लावणं ही रेसकोर्सवरची सर्वांत सभ्य दिसणारी आणि हळूहळू खिसा रिकामा करणारी सवय आहे. प्लेस लावायचीच तर मधल्या भावाच्या, नियमितपणे तिसरा-चौथा येणाऱ्या घोड्यावर लावा, आणि तीही जिथे एक दांडगा फेव्हरिट पूलचा मोठा हिस्सा अडवून बसला आहे अशा रेसमध्ये. तो फेव्हरिट पहिल्या तिघांबाहेर गेला की बाकीच्या तिघांचं उखळ पांढरं होतं.

उरलेले पूल पटकन सांगतो. सेकंड हॉर्स पूलमध्ये दुसरा येणारा घोडा सांगायचा, थर्ड हॉर्स पूलमध्ये तिसरा. क्विनेलामध्ये पहिले दोन, कुठल्याही क्रमाने. फोरकास्टमध्ये पहिले दोन, नेमक्या क्रमाने. टनालामध्ये पहिले तीन क्रमाने, एक्झॅक्टामध्ये पहिले चार क्रमाने. ट्रेबल म्हणजे ठरलेल्या तीन रेसचे विजेते आणि जॅकपॉट म्हणजे पाच रेसचे विजेते. जॅकपॉटच्या पूलचा ७० टक्के भाग सगळे विजेते सांगणाऱ्यांना आणि ३० टक्के दुसऱ्या क्रमांकाच्या तिकिटांना जातो, म्हणून निकालात त्याचे दोन आकडे छापलेले दिसतात.

यांच्यामागची गणितं मात्र डोळ्यांसमोर ठेवा. दहा घोड्यांच्या रेसमध्ये क्विनेलाच्या ४५ जोड्या होतात, फोरकास्टच्या ९०, टनालाच्या ७२० आणि एक्झॅक्टाच्या ५,०४०. पाच रेसमध्ये दहा-दहा घोडे असतील तर जॅकपॉटच्या शक्यता एक लाख. कॉम्बिनेशन तिकीट घेताना प्रत्येक रेसमध्ये किती घोडे धरलेत त्यांचा गुणाकार होतो. दोन, तीन, एक, दोन, दोन असे घोडे धरले तर २४ तिकिटं. दर दहाचा असेल तर २४० रुपये आणि वर कर. एका रेसमध्ये जास्तीचा एक घोडा "असू दे" म्हणून घातला की खर्च दीडपट किंवा दुप्पटही होऊ शकतो. म्हणून जॅकपॉट खेळणारे जाणते लोक आधी एक "बँकर" ठरवतात. म्हणजे अशी रेस, जिथे एकच घोडा धरायची हिंमत आहे. बँकर नसेल तर त्या दिवशी जॅकपॉट सोडून द्यावा.

आता घोडा कसा बघायचा. इथे मला खरा रस आहे.

आपल्याकडच्या बहुतेक शर्यती हँडिकॅप असतात. प्रत्येक घोड्याला हँडिकॅपर एक रेटिंग देतो आणि त्यानुसार वजन ठरतं, एका गुणाला अर्धा किलो. जास्त रेटिंग म्हणजे जास्त वजन, जेणेकरून सगळे घोडे कागदावर तरी एकत्र पोचावेत. कमी पडणारं वजन खोगिरात शिसं घालून भरून काढतात. क्लास पाच : रेटिंग १ ते २६ चे घोडे. क्लास चार : २० ते ४६. क्लास तीन : ४० ते ६६. क्लास दोन : ६० ते ८६. त्यावर क्लास एक. बघा, हे टप्पे एकमेकांत शिरलेले आहेत, आणि अभ्यास करणाऱ्याला पहिली फट इथेच सापडते. समजा एका घोड्याचं रेटिंग ६४ आहे. तो क्लास तीनमध्ये पळाला तर जवळजवळ सर्वांत जास्त वजन घेऊन पळेल, ४४ च्या घोड्यापेक्षा दहा किलो जास्त. तोच क्लास दोनमध्ये घातला तर ८४ च्या घोड्यापेक्षा दहा किलो हलका पळेल, पण स्पर्धा तगडी. ट्रेनरने कुठला पर्याय निवडला, कुठल्या अंतराला निवडला आणि वर कोणाला बसवलं, या तीन गोष्टी एकत्र वाचल्या की तबेल्याचा इरादा बराचसा उघड होतो. दमदार, अंगापिंडाने मोठा घोडा वजन पेलतो, म्हणून तो खालच्या क्लासमध्ये. किरकोळ बांध्याचा पण वेगवान घोडा १,००० किंवा १,२०० मीटरला हलक्या वजनावर वरच्या क्लासमध्ये. असा विचार प्रत्येक तबेला करतो.

घोडा जिंकला की रेटिंग चढतं, लागोपाठ हरला की उतरतं. म्हणून "मागच्या वेळी सातवा आला" एवढ्यावरून घोडा बाद करू नका. तो किती वजनाने, कुठल्या क्लासमध्ये आणि किती अंतराला सातवा आला? १,८०० मीटरचा घोडा १,२०० ला पळवून सातवा आला असेल, रेटिंग चार-पाच गुणांनी उतरलं असेल आणि आज तो पुन्हा १,८०० ला असेल, तर तो वेगळाच घोडा समजा. इतरांना दिसत नाही ते इथे दिसतं आणि भावही इथेच मिळतो. मागच्या रेसचा विजेता मात्र सगळ्यांना दिसतो, त्यामुळे त्याचा भाव आधीच चिरडलेला असतो.

इंडियन डर्बी, गिनीज, ओक्स, सेंट लेजर या क्लासिक शर्यतींत हँडिकॅप नसतो. घोडे समान वजनावर पळतात, फक्त फिलींना, म्हणजे तरुण माद्यांना, थोडी सूट. १९४३ पासून चालत आलेली डर्बी फेब्रुवारीत महालक्ष्मीला २,४०० मीटरवर होते. समान वजन असलं की श्रेष्ठ घोडा श्रेष्ठच राहतो, म्हणून या शर्यतींत फेव्हरिट जास्त भरवशाचे. पण डर्बीच्या अंतराचा प्रश्न वेगळा असतो. डिसेंबरमध्ये १,६०० मीटरची गिनीज जिंकणारा प्रत्येक घोडा २,४०० टिकत नाही. तेव्हा बापाकडून आणि आईकडून दमाचं रक्त आलं आहे का, हे वंशावळीत बघावं लागतं. पेसी श्रॉफ यांनी जॉकी म्हणून आणि पुढे ट्रेनर म्हणून या शर्यतींवर जी हुकमत गाजवली, त्यात घोड्याचा दम नेमका कुठे संपतो याची पारख फार मोठी होती. त्यांच्या जुन्या शर्यती पाहायला मिळाल्या तर शेवटचे ४०० मीटर बघा. घाई कधी करायची नाही, हे त्यातून शिकता येतं.

सकाळचं ट्रॅकवर्क, म्हणजे घोड्यांचा सराव, वर्तमानपत्रात येतं. "६०० मीटर ३८ सेकंद, सहज धावला" अशी ओळ असते. नवे लोक सेकंद बघतात, जुने लोक शेवटचा शब्द बघतात. ३८ सेकंद रेटून काढले आणि ३९ सहज काढले, यात दुसरा घोडा बरा. कुणाबरोबर पळवला तेही बघा. आपल्यापेक्षा वीस गुण वरच्या घोड्याच्या बरोबरीने सहज आला असेल, तर ती मोठी खूण.

दुपारी पॅडॉकच्या कुंपणाशी दहा मिनिटं उभे राहा. रेसपूर्वी घोडे इथे फिरवतात. कातडीवर चमक, चाल लांब आणि सैल, कान जागे पण डोळा शांत असा घोडा तयारीत असतो. मागच्या पायांमध्ये घामाचा फेस, सईसाला ओढणं, सारखी मान झटकणं याचा अर्थ त्याची ताकद शर्यतीआधीच खर्च होते आहे. काही घोडे स्वभावानेच असे असतात, म्हणून एकाच घोड्याला दोन-तीनदा पाहिलेलं असावं. रेसकार्डावर ब्लिंकर्सची, म्हणजे डोळ्यांच्या बाजूला लावायच्या झापडांची, खूण असते. इकडे-तिकडे बघणाऱ्या घोड्याला पहिल्यांदा ब्लिंकर्स लावले की तो अचानक सुधारतो, कधीकधी. आणि पुण्याचा फॉर्म मुंबईला जसाच्या तसा लावू नका. पावसाळ्यातल्या मऊ, जड ट्रॅकवर चमकलेला घोडा डिसेंबरच्या टणक ट्रॅकवर पाय आखडतो. उलट पुण्यात पाच-सहा रेस हरलेला एखादा घोडा महालक्ष्मीला आला की जणू सुटतो.

टिप हा प्रकार मी यात धरलेला नाही. "आतली खबर" जेव्हा रिंगमधल्या चौथ्या माणसाकडून तुमच्याकडे येते, तेव्हा भाव पडून गेलेला असतो. खबर खरी असली तरी त्या भावात ती घ्यायच्या लायकीची उरत नाही.

नियमांपैकी जे तुमच्या पैशाला हात घालतात तेवढेच सांगतो. रेसआधी घोडा काढून घेतला तर टोटचे विन-प्लेसचे पैसे परत मिळतात. जॅकपॉटसारख्या पूलमध्ये मात्र साधारणपणे त्या जागी टोटवरचा फेव्हरिट तुमच्या नावावर लागतो, म्हणून रेसकार्डामागचे नियम वाचून घ्या. बुकीकडे काढून घेतलेल्या घोड्यावरची पैज रद्द होते, पण दुसऱ्या घोड्यावर तुम्ही आधी घेतलेल्या भावातून ठरलेली कपात होते. ती बघून लोक भांडायला उठतात, पण ती रास्त आहे. दोनाच्या भावाचा फेव्हरिट निघून गेल्यावर तुमच्या घोड्याचं काम सोपं झालेलं असतं. दोन घोडे बरोबरीत आले, म्हणजे डेड हीट झाली, तर टोट पूलचे दोन भाग करतो आणि बुकी तुमच्या निम्म्या रकमेवर पूर्ण भाव देतो.

रेस संपली म्हणजे निकाल लागला असं नाही. जॉकी उतरून वजन देतात, स्टुअर्ड, म्हणजे शर्यतीचे पंच, चित्रफीत बघतात आणि कुणी कुणाला अडवलं अशी हरकत असेल तर तिची सुनावणी होते. पहिला आलेला घोडा दुसरा ठरू शकतो. "ऑल क्लिअर" जाहीर झाल्यावरच निकाल पक्का. तोवर हातातलं तिकीट फाडून फेकू नका. हरकतीनंतर जमिनीवर वाकून तिकिटं शोधणारी माणसं प्रत्येक मोसमात दिसतात. एकदा ऑल क्लिअर झालं की मात्र पुढे उत्तेजक द्रव्याच्या तपासणीत तो घोडा बाद झाला, तरी पैजेचे पैसे बदलत नाहीत. बक्षिसाची रक्कम फिरते, तुमचा डिव्हिडंड नाही. जॉकींना पैज लावायला मनाई आहे. घोडा पूर्ण ताकदीने पळवला नाही असं स्टुअर्डना वाटलं तर ते जॉकी आणि ट्रेनरला बोलावून विचारतात, आणि शिक्षा कडक असते.

आणखी एक कायदेशीर बाब सांगतो, कारण ती फार थोड्यांना माहीत असते. भारतीय करार कायद्याच्या ३० व्या कलमानुसार पैजेचा करारच निरर्थक ठरतो. त्यात घोड्यांच्या शर्यतीला एक सूट आहे, पण ती ५०० रुपये किंवा अधिक किमतीच्या बक्षिसासाठी लोकांनी जमवलेल्या वर्गणीला. तुमच्या-आमच्या पैजेला नाही. म्हणजे बुकीने पैसे दिले नाहीत तर कोर्टात वसुली होत नाही. तुमचं संरक्षण क्लबच्या शिस्तीत आहे. परवानाधारक बुकीने पैसे अडवले तर क्लबकडे तक्रार करता येते, आणि त्याला परवाना गमवायचा नसतो. बाहेरच्या माणसावर असा कुठलाच धाक नाही.

आता कर, जिथे "पैसे सुटतात का"चं उत्तर आहे. जीएसटी क्लबच्या कमिशनवर नाही, पैजेच्या संपूर्ण दर्शनी रकमेवर लागतो. आधी तो २८ टक्के होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के आहे. शंभराच्या पैजेवर कर वर धरला तर खिशातून १४० जातात. पूलमधून २० टक्के कपात धरली तर सरासरी खेळणाऱ्याच्या शंभरातले ८० परत येतात. १४० देऊन ८० परत, म्हणजे रुपयाला ५७ पैसे. नुसतं बरोबरीत राहायचं तरी तुम्हाला बाकीच्या गर्दीपेक्षा पावणेदोन पट चांगलं खेळावं लागेल. वर्षानुवर्षं ट्रॅकवर्क बघणाऱ्या माणसांनाही हे साधत नाही. शिवाय १०,००० रुपयांच्या वरच्या जिंकलेल्या रकमेवर ३० टक्के आयकर जागेवरच कापला जातो. ६०,००० चा जॅकपॉट लागला तर १८,००० तिथेच गेले. रेसच्या जिंकण्यावर सरसकट ३० टक्के दर आहे, आणि हरलेले पैसे त्यातून वजा करता येत नाहीत. मोसमभरात ८०,००० हरून एकदा ६०,००० जिंकलात तरी कर ६०,००० वरच. न्यायालयाने कौशल्याचा खेळ म्हटलं असलं तरी कराच्या बाबतीत त्याने काही सवलत मिळत नाही, आणि मला हे अन्यायाचं वाटतं. कर एवढा चढला की माणसं खेळायची थांबत नाहीत, ती बाहेरच्या बुकीकडे जातात. तिथे ना सरकारला काही मिळत, ना घोडे सांभाळणाऱ्या सईसाला, ना क्लबला.

म्हणून पैशाचं असं करा. दिवसाची रक्कम घरून ठरवून निघा, नाटकाच्या तिकिटासारखी, परत येणार नाही असं धरून. सात-आठ रेस असतात, त्यातल्या दोन-तीनच खेळा. बाकीच्या नुसत्या बघा. प्रत्येक रेसमध्ये हात घालणाऱ्याला पूलची कपात प्रत्येक वेळी लागते. जगभरात साधारण तीनांतली एक रेस फेव्हरिट जिंकतो, म्हणजे सर्वांत शहाणी निवडही तीनांत दोनदा हरते. पाच-सहा रेस सलग हरणं हे अगदी नेहमीचं आहे. त्यानंतर शेवटच्या रेसला लॉस कव्हर करायला म्हणून दुप्पट रक्कम काढू नका. रेसकोर्सवर घरं मोडली ती याच एका सवयीने. उधार घेऊन, कार्डावर पैसे काढून, घरच्यांपासून लपवून खेळायची वेळ आली, तर रेसकोर्सची पायरी चढणं त्याच दिवशी बंद करा आणि घरातल्या कुणाला तरी सांगा. मनोविकारतज्ज्ञ या सवयीवर उपचार करतात. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

आणि हे सगळं कळल्यावर स्वतःला विचारायचा प्रश्नही बदलतो. "कोण जिंकेल?" हे सगळेच विचारतात. तुम्ही विचारा, "या घोड्याची जिंकायची शक्यता किती, आणि भाव त्याहून जास्त देतोय का?" तुमच्या अंदाजाने घोडा चारांत एकदा जिंकेल, तर करापूर्वी तीनाचा भाव ना फायद्याचा ना तोट्याचा, पाचाचा भाव घेण्यासारखा आणि दोनाचा भाव सोडून देण्यासारखा. मग तो जिंको की हरो. सोडून दिलेला घोडा जिंकला म्हणून हळहळायचं नाही, कारण त्या भावात तो दहा वेळा घेतला असता तर तुम्ही खाली गेला असता.

पहिल्या दिवशीचं व्यवहाराचं. अठराखालच्यांना पैज लावता येत नाही. पॅन कार्ड जवळ ठेवा, मोठी रक्कम लागली तर मागतील. खिडकीवर बोलायचा क्रम असा : रेस नंबर, पूल, घोड्याचा नंबर, रक्कम. "चौथी रेस, विन, सात नंबर, शंभर." घोड्याचं नाव सांगू नका, नंबर सांगा. तिथल्या स्क्रीनवर बंगळुरू, हैदराबाद, कोलकाता इथल्या शर्यतीही चालू असतात आणि त्यांचीही तिकिटं निघतात, म्हणून आधी सेंटर कुठलं तेही म्हणा. मुंबईच्या चौथ्या रेसऐवजी बंगळुरूच्या चौथ्या रेसचं तिकीट हातात पडल्याचे प्रसंग खिडकीवर रोजचे आहेत. तिकीट घेतल्याबरोबर, खिडकी सोडण्याआधी, त्यावरची प्रत्येक ओळ वाचा. चूक तिथल्या तिथे दुरुस्त होऊ शकते, दोन पावलं मागे सरल्यावर नाही. जिंकलेलं तिकीट घडी न घालता, पाण्यापासून जपून ठेवा आणि त्याच दिवशी वटवा. राहिलंच तर दावा किती दिवसांत करायचा ते मागच्या बाजूला छापलेलं असतं.